गावात राहून बोल्ड कविता न् चित्रं कशी करायची

बोल्ड म्हटलं की आपल्याकडच्या नव्या पोराईले दोनच गोष्टी सुचतात, शिवी नाहीतर उघडं अंग. कवितेत चार शिव्या टाकल्या, चित्रात बाईचा पदर काढला की झालं धाडस. मुंबई-पुण्याच्या गॅलरीत त्याचं काय व्हायचं ते होऊ द्या, पण आपल्या दारव्हा-दिग्रसकडच्या दोन-तीन हजार वस्तीच्या गावात शिवी कोणाले नवीन आहे राजेहो, सकाळी नळावर याहून भारी ऐकू येते. गावाले धक्का बसते तो वेगळ्याच गोष्टीचा. सासऱ्यानं जमीन कोणाच्या नावानं केली, कृषी केंद्राची उधारी किती, हळदीकुंकवाले कोणाच्या घरी बोलावणं गेलं नाही, हे कोणी आकड्यानिशी, जागेनिशी लिहिलं की पारावर सगळे गप. म्हणून माझं म्हणणं एवढंच, धाडस तपशिलात असते, अन् तपशील लिहायले शिकता येते. कसं ते खाली सांगतो, कवी अन् चित्रकार दोघांसाठीही, कारण खेड्यात बरेचदा दोन्ही कामं एकच माणूस करते, दिवसा दुकानाचे बोर्ड रंगवते अन् रात्री कविता लिहिते.

आधी सोपं ते बाजूले सारा. कोणत्याही कवी संमेलनात जाऊन बसा, एकामागून एक येते, फास, भेगाळलेली जमीन, पांढरं सोनं, आभाळाकडे लागलेले डोळे, माय. लोक टाळ्या वाजवतात, आयोजक शाल देतात, अन् कोणाचीच झोप जात नाही. विषय खोटा आहे असं नाही, आपल्याच घरातला आहे, पण त्या कवितेत कवीचं काही पणाले लागत नाही अन् ऐकणाऱ्याचंही नाही. प्रत्येक ओळीले एक प्रश्न विचारा, ही वाचली तर समोर बसलेल्यांपैकी कोण चुळबुळ करीन? कोणीच नाही असं उत्तर आलं तर ती ओळ कापा. किंवा राहू द्या, गोड आहे म्हणून, पण मंग तिले बोल्ड म्हणू नका.

आता हाच विषय घ्या अन् कागदाच्या बाजूनं जा. आपल्या राज्यात शेतकऱ्यानं जीव दिला तर घरच्यांना १ लाखाची मदत मिळते, त्यातले ३०,००० हाती अन् ७०,००० ठेव म्हणून बँकेत. पण आधी समिती बसते, प्रकरण पात्र का अपात्र ते ठरते. जमीन मेलेल्या नवऱ्याच्या नावानं नाही, सासऱ्याच्या नावानं आहे, किंवा कर्ज बँकेचं नाही, सावकाराचं आहे अन् त्याची चिठ्ठीसुद्धा नाही, अशा कारणानं किती घरं अपात्रमधी गेली हे आपल्याकडे शेंबड्या पोराले माहीत आहे. मंग कविता त्या अर्जाचीच करा. अर्जदाराचे नाव, मयताशी नाते, मयताच्या नावे असलेली जमीन, कर्जाचा तपशील, हे रकाने जसेच्या तसे सरकारी भाषेत ठेवा अन् खाली उत्तर मात्र ती बाई आपल्या बोलीत देईन तसं लिहा, अर्धवट, भलतीकडेच जाणारं, मधीच शेळीचं काहीतरी आठवलेलं. एकदा करून पाहा. यात शिवी नाही, रडणं नाही, तरी तहसीलमधला माणूस समोर बसला असन तर तो खुर्चीत सरकून बसते.

आता स्वतःचा विषय कुठून आणायचा. रात्री जेवणं झाल्यावर वही घ्या अन् एकच वाक्य वरून खाली लिहीत जा, "आमच्या घरात कोणी बोलत नाही की..." अन् पुढं जे येईन ते. कविता करायची नाही, यमक नाही, नुसतं पान भरायचं. पहिल्या आठ-दहा ओळी गुळगुळीत येतात, त्या येऊ द्या. मंग एका ठिकाणी हात थांबते, पेन उचलून तुम्ही दाराकडे पाहता कोणी आलं का म्हणून. तीच ओळ. सगळ्यात भयानक ओळ शोधत बसू नका, हात जिथं थांबला ती घ्या, भयानक तर टीव्हीवरही असते.

पण ती ओळ तशीच कवितेत टाकू नका, तिच्यासाठी एक वस्तू शोधा. गहाण ठेवलेल्या पोतीची पावती, लोखंडी पेटीतली न वापरलेली साडी, छपरात खोसलेली डॉक्टरची चिठ्ठी. कविता फक्त त्या वस्तूची करा अन् मूळ ओळ कुठंच लिहू नका. चित्रकारानंही हेच करायचं. २०१७ मधी आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करता करता विषबाधा होऊन माणसं मेली, त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर गेली होती, औषध अंगावर अन् तोंडावर यायचं. त्यावर चित्र काढा म्हटलं तर दहा पोरं कवटी काढतीन. कवटी काढूच नका. पाठीवरचा पंप काढा, पट्ट्याचे वळ काढा, खुंटीले टांगलेला तोच शर्ट काढा जो दुसऱ्या दिवशी परत घालायचा आहे. मजुराच्या घरात पंप कुठं ठेवलेला असते ते जाऊन पाहा, पाण्याच्या माठापासून किती हात लांब आहे ते मोजा, अन् तेवढ्याच अंतरावर तो चित्रात ठेवा. पाहणाऱ्याले बाकी सांगायची गरज पडत नाही.

आता एक गोष्ट, जी शिकायले कोण्या वर्कशॉपची फी भरायची गरज नाही. तोंडावर बोलून सुटायचं कसं हे आपल्या गावाले पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पोळ्याच्या झडत्या पाहा, म्हणजे पोळ्यात जोरानं म्हणायच्या टोमणेबाज ओळी. तोरणाखाली बैल उभे, समोर पाटील, सरपंच, सावकार सगळे नवीन कपड्यात, अन् एक माणूस सगळ्यांच्या देखत झडती म्हणते, महागाईवर, सरकारवर, सावकारावर, कोणाच्या कंजूषपणावर, अन् शेवटी "एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव". ती शेवटची ओळ सगळं गाव म्हणते! म्हणजे टोमण्यात सगळ्यांचाच वाटा झाला, एकट्याले धरणार कोण. यातून उचलायचं काय तर, बोल्ड कवितेले एक अशी ओळ द्या जी लोकाईले सोबत म्हणाविशी वाटीन, ध्रुपद म्हणा, साद म्हणा. पहिल्यांदा लोक सवयीनं म्हणतात, तिसऱ्यांदा त्याईच्या ध्यानात येते आपण काय म्हणून रायलो, तोवर उशीर झालेला असते. अन् झडती छोटी असते हेही विसरू नका, चार-सहा ओळीत वार करून माणूस बाजूले होते, आपल्या कविता उगाच तीन-तीन पानं चालतात.

बायाईची रीत वेगळी. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई, म्हणजे पार्वतीची मातीची मूर्ती, बसते, पोरी-बाया तिची गाणी म्हणतात, त्यात सासू, नणंद, नवरा सगळ्यांचा उद्धार, तोही कधीकधी सासरच्याच अंगणात. पण बोलते कोण? भुलाबाई बोलते. ज्या बाईले "मी" म्हणून लिहिता येत नाही, घरात वही सापडीन म्हणून भीती आहे, तिनं दुसऱ्या तोंडातून लिहावं, भुलाबाई, म्हशीचा खुंटा, पंढरपूरच्या वारीत हरवलेली म्हातारी, कोणीही. याले पळपुटेपणा म्हणणारे येतात, ते बहुतेक पुरुष असतात अन् त्याईची वही घरात कोणी उघडत नाही. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरले १३ व्या शतकात महदंबेनं धवळे रचले, म्हणजे लग्नातली गाणी, महानुभाव पंथातले गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नाच्या निमित्तानं. लहानपणीच विधवा झालेली बाई लग्नाची गाणी रचते अन् आज तिले आद्य मराठी कवयित्री म्हणतात. तिनं रागाचा एक शब्द लिहिला नसता तरी कोणी, काय, कुठं गायलं यातच सगळं आलं.

गाडगेबाबांचं अजून वेगळं. शेंडगावचा माणूस, कीर्तनाले उभा राहिला की सांगायचा कमी अन् विचारायचा जास्त, लोकाईच्याच तोंडून हो-नाही वदवून घ्यायचा अन् त्याईच्याच उत्तरात त्याईले अडकवायचा. तुमच्या कवितेतलं सगळ्यात जहाल विधान असन ना, त्याचा प्रश्न करून पाहा, साधा, लेकरानं विचारावा तसा. विधानावर भांडण होते. प्रश्नावर समोरचा आधी मनात उत्तर देऊन बसते, अन् मंग भांडायचं कोणाशी?

चित्रकाराईसाठी आपल्याकडची शाळा म्हणजे नागपूरची मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी न् पिवळी मारबत, म्हणजे बाईचे मोठाले पुतळे, मिरवणुकीनं निघते, १८८० च्या दशकापासून चालू आहे हे. काळी मारबत म्हणजे भोसल्यांच्या घरातली बाकाबाई इंग्रजांना जाऊन मिळाली त्याचा निषेध, असं सांगतात. सोबत बडगे निघतात, त्या त्या वर्षीच्या रागाचे पुतळे, महागाईचा, भ्रष्टाचाराचा, कोण्या पुढाऱ्याचा, गळ्यात पाटी, अन् लोक ओरडतात "घेऊन जा गे मारबत". शेवटी सगळं जाळायचं. हे जाळणं माझ्या मते लय कामाचं आहे. चित्र टिकायचं आहे, विकायचं आहे, प्रदर्शनात लावायचं आहे म्हटलं की हात आखडते. म्हणून वर्षातून एकदा तरी बडग्या करा, बांबूच्या कामट्या, जुने कपडे, वर्तमानपत्र अन् खळ, दोन दिवसाचं काम. डोकं मोठं करा, हात-पाय बारीक, अन् ज्या गोष्टीचा राग आहे तेवढा एकच अवयव वाढवा, हावरट असन तर पोट, चुगलखोर असन तर कान. गळ्यातल्या पाटीवर चार शब्दाच्या वर जाऊ नका. फोटोसुद्धा काढू नका, जाळून टाका. मंग वहीत जे चित्र उतरते ते पाहा, हात मोकळा झालेला दिसते.

रागाले बांध मात्र पायजे. आपल्या अमरावतीचे सुरेश भट (१९३२ ते २००३) पाहा, आग ओकणारा माणूस, पण लिहिलं कशात तर गझलेत, जिथं मात्रा, काफिया (यमक), रदीफ (यमकानंतर तसाच परत येणारा शब्द) काहीच हलवता येत नाही. मोकळ्या छंदात राग पसरते, बांधलेल्यात तो दाबाखाली राहते. ज्याची कविता नुसती आरडाओरड होऊन रायली त्यानं तीच कविता ओवीत, अभंगात नाहीतर गझलेत बसवून पाहावी, निम्मे शब्द गळतात अन् जे उरते ते टोचते. उलट ज्याची कविता आधीच गोडगोड चालीची आहे त्यानं यमक तोडावं, हा सल्ला सगळ्याईले एकसारखा नाही.

अन् चित्रात न काढणं हेही धाडसच. वासुदेव गायतोंडे १९२४ मधी नागपुरात जन्मले, मुंबईच्या जे. जे. मधी शिकले, अन् नंतर चित्रातून माणसं, झाडं, आकार सगळं काढून टाकलं, रोलर अन् पॅलेट नाइफनं रंगाचे थर चढवायचे-उतरवायचे, वर्षाले मोजकीच चित्रं. पाहणारे विचारत असतीन यात आहे काय म्हणून. तुम्हाले एकदम तिथं जायची गरज नाही, पण तयार झालेल्या चित्रातली एक गोष्ट रोज पुसून पाहा, आधी पक्षी, मंग सूर्य, मंग ती डोक्यावर घागर घेतलेली बाई. घागरवाली बाई तर पुसाच, बाप्पा, लय झाल्या त्या.

भिंतीचं थोडं जास्त सांगतो कारण खेड्यात गॅलरी तीच. पावसाळा गेल्यावर, दिवाळीच्या अलीकडे-पलीकडे भिंत पूर्ण सुकलेली असते तेव्हा काम धरा. जुना चुना पत्र्याच्या तुकड्यानं खरवडा, चुन्यात थोडं फेविकॉल नाहीतर डिंकाचं पाणी टाकून दोन हात मारा, अन् पुरतं वाळू द्या, घाई केली तर रंग पोपडे धरते. कागदावर चित्र करून १ इंचाचे चौकोन आखा, भिंतीवर १ फुटाचे, त्यासाठी गेरूच्या पाण्यात भिजवलेली दोरी दोघांनी ताणून धरायची अन् मधून टिचकी मारायची, सरळ रेघ उमटते. मंग एक एक चौकोन उतरवत जा. गेरू, पिवळी माती, काजळी, कपड्याची निळ अन् चुना, एवढ्या पाच रंगात काय वाट्टेल ते होते, हे चुन्यावर टिकतात अन् स्वस्त पडतात, गुलाबी-जांभळी पावडर मात्र उन्हानं उडून जाते.

धाडस इथं मापात असते. निवडणुकीत भिंतीवर कोणाचा चेहरा किती मोठा असते ते आपण पाहतोच, तेवढ्याच मापात शेतात निंदणाऱ्या बाईचा चेहरा काढा, खाली नाव नाही, हात जोडलेले नाही, मत मागणं नाही, नुसती ती पाहून रायली. लोक थांबतात, विचारतात ही कोणाची कोण, अन् तिथून पुढची चर्चा तुमच्या हातात नाही. घरमालकाची परवानगी मात्र कागदावर सही घेऊन ठेवा, शाळा-ग्रामपंचायतीची भिंत असन तर ठराव किंवा पत्र, कारण मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ चा राज्याचा कायदा आहे अन् ज्याले चित्र खुपते त्याले तो बरोबर आठवते. आचारसंहितेत तर हात लावू नका.

आता जरा टेढा भाग. गावात सगळे एकमेकाले ओळखतात, नाव बदलून काही होत नाही. "एका विधवेची कहाणी" लिहिलं तरी ती कोण हे पाच मिनिटात कळते. मी असं धरतो की स्वतःची गोष्ट आपल्या मालकीची, दुसऱ्याची नाही. वहिनीवर, शेजारणीवर, गेलेल्या मित्रावर लिहिलं असन तर आधी त्या माणसाले किंवा त्याच्या घरच्याईले वाचून दाखवा, नाही म्हटलं तर वहीतच राहू द्या. सावकारी, हुंडा, जातीचा विहिरीवरचा विटाळ, समिती, बँक यांच्यावर लिहायले कोणाची परवानगी लागत नाही, तिथं खुशाल नाव-गाव सोडून बाकी सगळे आकडे टाका.

कायद्याचंही तेवढं माहीत असू द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, त्यात कलम २९९ मुद्दाम धार्मिक भावना दुखावण्याचं, ३ वर्षापर्यंत शिक्षा, अन् कलम ३५६ बदनामीचं. बदनामीत खरं अन् लोकहिताचं असन तर बचाव आहे, पण ते सिद्ध तुम्हाले करावं लागते, म्हणून कागद सांभाळा. १९५४ मधी मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रकार अकबर पदमसीच्या चित्रावर अश्लील म्हणून पोलीस आले, त्यानं चित्र उतरवायले नकार दिला, अटक झाली अन् कोर्टात तो जिंकला. पण दरवेळी असं होत नाही. १९९४ मधी बँक कर्मचाऱ्यांच्या एका मासिकात गांधीजींवरची मराठी कविता छापली, ते प्रकरण २०१५ मधी सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, संपादकानं माफी मागितली होती म्हणून तो सुटला, कवीले मात्र खटल्यात आपली बाजू मांडायले सांगितलं. वीस वर्षं! तेव्हा जे लिहाल ते वीस वर्षानंतरही माझंच म्हणून उभं राहता येईन असं लिहा, शिवी बरेचदा इथंच गळते.

वाचायचं कुठं? विदर्भ साहित्य संघ १९२३ चा आहे, त्याच्या शाखा आहेत, कार्यक्रम होतात. २०२३ च्या फेब्रुवारीत वर्ध्याले अखिल भारतीय संमेलन अन् विद्रोही संमेलन दोन्ही एकाच वेळी भरले होते, म्हणजे मंच एकच नसते हे ध्यानात ठेवा. गावात गणपती-शारदेच्या मंडळात हलकंफुलकं चालते, १४ एप्रिलच्या आसपासच्या कार्यक्रमात धारदार कविता नीट ऐकल्या जातात, तिथं ऐकणाऱ्याईले सवय आहे. वाचताना आधी निवेदन करू नका, "ही कविता जरा वेगळी आहे, कोणाच्या भावना दुखावल्या तर माफ करा" हे तर अजिबात नाही, माफी मागूनच सुरुवात केली तर लोक दुखावून घ्यायले तयार होऊन बसतात. बोल्ड कविता पहिली घेऊ नका, तिसरी घ्या, तोवर कानाले तुमचा आवाज बसलेला असते. अवघड ओळीवर बहुतेक जण आवाज खाली आणतात, घरी मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका, तुम्हीही आणत असान. तिथं उलट थांबा अन् समोर पाहून म्हणा. अन् व्हॉट्सॲपवर लगेच टाकू नका, आधी माणसांत वाचून होऊ द्या, फॉरवर्ड झालेल्या कवितेले तोंड नसते, स्क्रीनशॉटमधी अर्धीच जाते.

दुसऱ्या दिवशी कोणीतरी घरी येईन. चुलते येतीन, सरपंचाचा माणूस येईन, "आमच्यावरच लिहिलं ना बे तू" म्हणीन. बसवा, चहा ठेवा. "तसा अर्थ नव्हता" असं म्हणून कविता मागं घेऊ नका अन् अर्थ समजावतही बसू नका, फक्त विचारा काकाजी, कोणती ओळ. माहिती चुकली असन तर तिथंच वहीत दुरुस्त करा. बरोबर असन तर ओळ राहीन, पण त्यांचं घर ओळखू येईन असं एखादं चिन्ह काढून टाकता येते, ते काढा. धमकी असन तर मेसेज जपून ठेवा, दोघा-तिघांना सांगा, ठाण्यात एकटे जाऊ नका. अन् हे काहीच नसन तर वही उघडून पूर्ण कविता त्यांच्यासमोर एकदा वाचा, कारण बरेचदा त्यांनी ती ऐकलेलीच नसते, पानठेल्यावर कोणीतरी सांगितलेली असते.